रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न : रबरी हातमोजे, काउंटरवरची लिली आणि वारसा यादी

टेम्सकाठ (धागाकर्ता)

लंडनच्या व्हॉक्सहॉल स्टेशनातून बाहेर पडलं की वर रेल्वेचा पूल, समोर बसगाड्यांचा तळ आणि नदीच्या अंगाला ब्रिटिश गुप्तहेर खात्याची, म्हणजे एमआय सिक्सची अवाढव्य इमारत. तिथून केनिंग्टन लेनला लागलं की एक पब एकटाच उभा दिसतो. त्याच्या भिंतीला भिंत लागून दुसरं काही नाही. १९७०च्या दशकात आजूबाजूच्या जुन्या घरांच्या ओळी पाडल्या, हा तेवढा राहिला. दर्शनी भिंत सरळ नाही, गोलाकार वळलेली आहे. नाव रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न. येणारे-जाणारे 'आरव्हीटी' म्हणतात.

मागे इथल्याच एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की गे बारला कसला आलाय इतिहास, तो शेवटी गुत्ताच. तेव्हा मी गप्प बसलो. पण ते मनातून गेलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. सप्टेंबर २०१५ मध्ये हाच पब सरकारने वारसा इमारतींच्या यादीत घेतला, दुसऱ्या श्रेणीत. एलजीबीटी समाजाच्या इतिहासातलं स्थान या कारणासाठी यादीत आलेली ब्रिटनमधली ही पहिली इमारत. मी समलिंगी आहे, लंडनच्या याच भागात, लॅम्बेथमध्ये राहतो आणि या पबबद्दल तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट पबच्या आधीपासून सुरू होते. या जागेवर पूर्वी व्हॉक्सहॉलची उद्यानं होती. सतराव्या शतकात सुरू झालेली. १७२९ साली जोनाथन टायर्सने ती ताब्यात घेतली आणि पुढच्या काळात अख्खं लंडन तिथे लोटायला लागलं. झाडांवर हजारो दिवे, वाद्यवृंद, मुखवटे घालून नाच, आणि मुद्दाम अंधारात ठेवलेल्या पायवाटा. १७३२ साली ओल्ड बेली कोर्टात एक खटला चालला. जॉन कूपर नावाच्या नोकरमाणसाचे कपडे थॉमस गॉर्डनने बळजबरीने काढून घेतल्याचा आरोप होता. साक्षीला आलेल्या शेजारणींनी सांगितलं की हा कूपर म्हणजे 'प्रिन्सेस सेराफिना', बायकांचे कपडे घालून नाचाच्या जलशांना जातो, आणि व्हॉक्सहॉलच्या जलशालाही गेला होता. गॉर्डन सुटला. पण माझं लक्ष त्या शेजारणींच्या साक्षीवर खिळलं. त्या सेराफिनाबद्दल सहज बोलतात, मधूनच 'ती' म्हणतात, कपडे उसने दिल्याघेतल्याचं सांगतात. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या गरीब वस्तीतल्या बायका! तेव्हा 'हे सगळं आजकालचं फॅड' असं कोणी म्हटलं की मला कोर्टाची ही कागदपत्रं आठवतात.

१८५९ साली उद्यानं कायमची बंद झाली, जमिनीचे तुकडे विकले गेले. त्यातल्या एका तुकड्यावर १८६० ते ६२ या काळात हा पब बांधला गेला. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं तो मोहल्ल्यातला साधा पब होता, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र इथे ड्रॅगचे कार्यक्रम रुजले. पुरुष बायकी पोशाखात गाणी म्हणायचे, नकला करायचे, प्रेक्षकांची टोपी उडवायचे. वेगळं स्टेज नव्हतं. बारचा लांब, वळलेला काउंटर हेच स्टेज. उंच टाचांचे बूट घालून कलाकार त्या काउंटरवर चालत, खाली लोकांनी पटापट आपापले बिअरचे ग्लास उचलून धरायचे. १९८०च्या सुमारास तो काउंटर काढून खरं स्टेज बांधलं. जुने लोक अजून त्या काउंटरसाठी हळहळतात.

१९६७ साली इंग्लंडमध्ये समलिंगी संबंधांवरची बंदी उठली, पण अर्धीमुर्धीच. दोघंही एकवीस वर्षांवरचे हवेत, आणि 'खाजगीत' हवं. खाजगीत म्हणजे तिसरा माणूस तिथे असता कामा नये. म्हणजे घरात चालेल, पण चारचौघांत एकमेकांचा हात धरलात तर पोलिसांच्या मर्जीवर. अशा काळात जिथे दार उघडून आत गेलं की कोणी मान वळवून बघत नाही, अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आरव्हीटी त्यांपैकी एक.

१९८०च्या दशकात इथे लिली सॅव्हेज उभी राहिली. पॉल ओग्रेडी हा बर्कनहेडचा पोरगा, कॅम्डन कौन्सिलच्या नोकरीत अडचणीतल्या कुटुंबांच्या घरी जाऊन मुलांची, म्हाताऱ्यांची देखभाल करायचा. आईचं माहेरचं आडनाव सॅव्हेज, ते त्याने लिलीला दिलं. भला थोरला पिवळा विग, तोंडाने फटकळ, आणि एकही राजकारणी, एकही पोलीस तिच्या तावडीतून सुटत नसे. जवळपास आठ वर्षं तिने हा पब गाजवला. पुढे ओग्रेडी टीव्हीवर घराघरांत पोचला, २०२३च्या मार्चमध्ये गेला.

आता ती रात्र. २४ जानेवारी १९८७. एड्सची दहशत शिगेला होती. त्याच महिन्यात सरकारने घरोघरी एड्सची पत्रकं वाटायला घेतली होती. महिनाभर आधी मँचेस्टरचे पोलीसप्रमुख जेम्स अँडरटन जाहीरपणे म्हणाले होते की हे लोक स्वतःच निर्माण केलेल्या मानवी घाणीच्या खड्ड्यात गटांगळ्या खातायत. लिलीचा रात्रीचा खेळ चालू असताना आरव्हीटीत पोलीस घुसले. सगळ्यांच्या हातात रबरी हातमोजे. माणसाला नुसता हात लावला तर रोग होईल म्हणून. ओग्रेडीने पुढे सांगितल्याप्रमाणे लिली स्टेजवरून म्हणाली, वा वा, भांडी घासायला माणसं आलेली दिसतायत! बऱ्याच जणांना अटक झाली. दुसऱ्या रात्री पब नेहमीच्या वेळेला उघडला आणि खेळ झाला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १९८७ मध्ये, लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये एड्सच्या रुग्णांसाठीच्या खास विभागाचं उद्घाटन डायनाने केलं आणि हातमोजे न घालता एका रुग्णाशी हात मिळवला. तो फोटो जगभर गेला. डायना एकदा आरव्हीटीतही आली होती अशी गोष्ट इथे सांगतात. अभिनेत्री क्लिओ रोकोसने आपल्या आठवणींत लिहिलंय की गायक फ्रेडी मर्क्युरी आणि टीव्हीवरचा विनोदवीर केनी एव्हरेट यांच्याबरोबर, अंगात लष्करी जॅकेट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल अशा पुरुषी वेशात ती आत शिरली, कोणी ओळखलं नाही. दंतकथा म्हणा हवं तर. पण ज्या लोकांना पोलीस हातमोजे घालून पकडत होते, त्यांनी ही गोष्ट इतकी वर्षं का जपली असेल ते मला पुरेपूर कळतं.

१९९५ पासून इथे दर शनिवारी 'डकी' नावाची कार्यक्रमांची रात्र सुरू झाली, ती वर्षानुवर्षं चालली. ती चालवणाऱ्यांपैकी एमी लामे २०१६ साली लंडनच्या पहिल्या 'नाइट झार' झाल्या, म्हणजे रात्रीच्या लंडनची काळजी वाहणारं, महापौरांनी नेमलेलं पद. आणि २०१४ साली पब विकला गेला. घेणारी इम्मोव्हेट ही ऑस्ट्रियाची मालमत्ता विकासक कंपनी. शेजारी नाइन एल्म्सला मनोरे उठत होतेच. पुढचं लोकांच्या लगेच लक्षात आलं. 'आरव्हीटी फ्यूचर' नावाने लोक एकत्र आले. आधी लॅम्बेथ कौन्सिलकडून 'समाजाच्या उपयोगाची वास्तू' अशी नोंद मिळवली, मग बेन वॉल्टर्स या लेखकाने इमारतीचा इतिहास खणून वारसा यादीसाठी अर्ज लिहिला. त्या अर्जाने पब वाचला, असं माझं मत आहे.

---

रानजाई

फार सुंदर लिहिलंत टेम्सकाठ. सेराफिनाचा किस्सा पहिल्यांदाच ऐकला. एक शंका: ड्रॅग म्हणजे आपल्याकडे बालगंधर्व करायचे तसं का? पुरुषाने स्त्रीपार्ट करणं आपल्याला काही नवीन नाही.

---

ढोलकीवाला

रानजाई, माझ्या मते बालगंधर्व हे उदाहरण इथे लागू पडत नाही. त्यांचं सगळं कसब समोर पुरुष उभा आहे हे प्रेक्षकाने विसरावं यासाठी होतं. बायका त्यांची साडी नेसण्याची ढब उचलायच्या. लिलीला विसरायला लावायचं नाहीये. विग आहे, आवाज पुरुषी आहे, आणि दोन्ही एकदम दिसलं पाहिजे.

तमाशातल्या गवळणीतली मावशी आठवा. मिशा काढलेला किंवा कधी कधी न काढलेलाही राकट गडी, पदर डोक्यावर, कमरेवर हात. कृष्णाला अडवते, पेंद्याची खेचते, आणि मधेच समोर बसलेल्या पाटलाला, फौजदाराला असा टोमणा मारते की तंबू डोक्यावर घेतात. मावशीला सगळं माफ असतं. टेम्सकाठ यांनी भांडी घासण्याचा किस्सा लिहिलाय तो वाचल्यावर मला थेट मावशीच दिसली. समोर पोलीस आणि ती त्यांनाच कामाला लावतेय! आमच्याकडे वडील फडावर ढोलकी वाजवायचे, अशी हजरजबाबी मावशी मी लहानपणी जवळून पाहिली आहे. जो माणूस ते काम करायचा, त्याला गावात दिवसा कोण कसं वागवायचं तेही पाहिलंय. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

---

टेम्सकाठ

ढोलकीवाले, मावशी! इतकी वर्षं इथे मित्रांना ड्रॅग समजावतोय, हे सुचलं नव्हतं. आणि तो वेगळा धागा नक्की काढा, वाट बघतो.

---

वाटसरू७७

लेख आवडला, माहिती नवीन. पण स्पष्ट विचारतो, राग नसावा. पब हा धंदा आहे. गिऱ्हाईक कमी झालं, भाडं परवडेना, तर बंद होणार. किराणा दुकानं बंद होतात, इराणी हॉटेलं बंद झाली. तिथे कायदा झाला, लग्नाचा हक्क मिळाला, आता समलिंगी माणूस कुठल्याही पबात जाऊ शकतो. मग वेगळी जागा राखून ठेवायची गरज काय? उलट वेगळं राहण्यानेच वेगळेपण टिकतं असं नाही का?

---

टेम्सकाठ

वाटसरू, राग कशाला, हा प्रश्न इथे लंडनमध्येही रोज विचारला जातो.

'गिऱ्हाईक कमी झालं म्हणून बंद' हे बहुतेक ठिकाणी खरं नाही. २०१७ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अर्बन लॅबोरेटरीने अभ्यास केला. २००६ साली लंडनमध्ये एलजीबीटी लोकांच्या १२५ जागा होत्या, अकरा वर्षांत ५३ उरल्या. त्यातल्या कित्येक चालू धंद्यानिशी गेल्या. जमिनीला सोन्याचा भाव आला, मालकाला तिथे फ्लॅट बांधायचे होते, भाडेपट्टा वाढवून दिला नाही. सोहोतला कँडी बार २०१४ च्या जानेवारीत गेला. मॅडम जोजोज त्याच वर्षी नोव्हेंबरात. हॅकनी रोडचा जॉइनर्स आर्म्स २०१५ च्या जानेवारीत. कॅम्डनचा ब्लॅक कॅप एप्रिलमध्ये. या ब्लॅक कॅपमध्येच ओग्रेडीने १९७८ साली लिली म्हणून पहिल्यांदा पाऊल ठेवलं होतं. सव्वा वर्षात इतक्या जागा गेल्या. आरव्हीटीसाठी लोक एवढे जिवाच्या आकांताने का भांडले, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

दुसरा मुद्दा, 'कुठल्याही पबात जाऊ शकतो'. जाऊ शकतो, बरोबर. ३० एप्रिल १९९९ ला, म्हणजे १९६७च्या कायद्याला बत्तीस वर्षं झाल्यावर, सोहोतल्या ॲडमिरल डंकन या पबात खिळे भरलेला बॉम्ब फुटला. तीन माणसं गेली, कित्येक जण जखमी झाले, काहींचे पाय गेले. तो ठेवणाऱ्या माणसाने त्याआधीच्या दोन आठवड्यांत एक बॉम्ब ब्रिक्सटनला कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आणि एक ब्रिक लेनला बांगलादेशी वस्तीत ठेवला होता. त्याच्या यादीत मी दोनदा बसतो, रंगामुळे एकदा आणि आवडीमुळे एकदा. मी दुसऱ्या पबात जातो, मित्रांबरोबर मॅच बघतो, मजा येते. पण तिथे जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकायच्या आधी मी एकदा आजूबाजूला बघतो. आरव्हीटीत बघत नाही. फरक एवढाच आहे, आणि माझ्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

---

काळाकोट

एक योगायोग नोंदवते. धागाकर्त्यांनी लिहिलंय पब १८६० ते ६२ मध्ये बांधला. आपली भारतीय दंड संहिता ऑक्टोबर १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तिच्यातच होतं. म्हणजे तिकडे व्हॉक्सहॉलला या इमारतीच्या विटा रचल्या जात होत्या, नेमक्या त्याच महिन्यांत त्याच राज्याने आपल्याकडे हे कलम आणलं.

खुद्द इंग्लंडमध्ये १८६१ पर्यंत या गुन्ह्याला फाशी होती. शेवटची फाशी १८३५ साली, जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ या दोघांना. १८६१ च्या कायद्याने फाशी जाऊन दीर्घ कैद आली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तरी तारखा देते, कारण गल्लत फार होते. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ रद्द ठरवलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला घटनापीठाने पुन्हा मोकळीक दिली. म्हणजे सप्टेंबर २०१५ मध्ये ब्रिटनने या पबला वारसा म्हटलं, तेव्हा त्यांनीच दिलेला कायदा वापरून आपल्याकडे माझ्या अशिलांना ब्लॅकमेल केलं जात होतं. मी तेव्हा अशी दोन प्रकरणं हाताळत होते. तपशील लिहिता येणार नाहीत. पण आधी भेटीला बोलावून नंतर पैसे उकळणाऱ्यांचं सगळं बळ त्या एका कलमात होतं.

---

नगररचना

काळाकोट, जबरदस्त नोंद.

मी या क्षेत्रात काम करतो, म्हणून यादीबद्दल दोन शब्द. वारसा यादी भिंतींना संरक्षण देते, भिंतींच्या आत काय चालतं त्याला नाही. यादीत असलेली इमारत परवानगीशिवाय पाडता येत नाही, तिचं रूप बदलता येत नाही. पण उद्या तिथे पब बंद करून मालकाने महागडं रेस्टॉरंट काढलं, तर नुसत्या यादीने ते थांबत नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, देशात पहिली, आणि तिथेही हाच अनुभव. गिरणगावात चिमणी राहिली, कामगार गेला. टेम्सकाठ म्हणतात अर्जाने पब वाचला, मी म्हणेन इमारत वाचली. पब वाचायला दुसरी हत्यारं लागतात.

बाकी या निर्णयाचं मोल मला वेगळ्याच कारणाने वाटतं. सहसा यादीत जागा मिळते ती खांब, कमानी, नक्षी, वास्तुविशारदाचं नाव या जोरावर. इथे मोहल्ल्यातल्या एका पबचा तिथे जमणाऱ्या माणसांमुळे विचार झाला. हा निकष आपल्याकडे लावला तर किती इमारती डोळ्यांसमोर येतील! आपल्या याद्यांमध्ये राजवाडे, चर्च, सरकारी कचेऱ्या भरपूर आहेत. तमाशाची थिएटरं किती आहेत?

---

टेम्सकाठ

नगररचना, मान्य आहे आणि नाहीही. 'समाजाच्या उपयोगाची वास्तू' ही जी दुसरी नोंद लिहिली, ती याचसाठी. मालकाला विकायचं झालं तर आधी जाहीर करावं लागतं आणि स्थानिक लोकांना पैसे उभे करून बोली लावायला सहा महिन्यांची सवड मिळते. पण मालकाने त्यांनाच विकावं अशी सक्ती नाही, त्यामुळे तुमचा मुद्दा उरतोच. शिवाय पाडायची परवानगी नाही म्हटल्यावर विकासकाचं गणित बिघडतं, आणि त्यातून मिळालेला वेळ लोकांच्या कामी येतो. ब्लॅक कॅपचीही 'समाजाच्या उपयोगाची' नोंद झाली होती, तरी तो बंद झाला.

---

रानजाई

आणखी एक विचारू का? सगळा इतिहास पुरुषांचा वाटतोय. बायका कुठे जात होत्या?

---

टेम्सकाठ

रानजाई, रास्त प्रश्न. चेल्सीत किंग्ज रोडला लागून ब्रॅमर्टन स्ट्रीटवर एक हिरवं दार होतं. ते उघडून अरुंद जिना उतरला की तळघरात 'गेटवेज' क्लब. १९३० च्या दशकापासून चालू, १९६७ पासून फक्त बायकांसाठी, आणि १९८५ साली बंद. पन्नासहून जास्त वर्षं! त्यात लढाईचा काळ आला, त्यानंतर नोकरी जाईल, मुलं काढून घेतली जातील अशी धास्ती असलेला काळ आला. १९६८ च्या 'द किलिंग ऑफ सिस्टर जॉर्ज' या सिनेमातला क्लबचा प्रसंग तिथेच चित्रित झालाय आणि त्यात रोजच्या येणाऱ्या बायकाही दिसतात. त्या काळात कॅमेऱ्यासमोर यायला किती धैर्य लागलं असेल. गेटवेज मात्र कुठल्या यादीने वाचला नाही. आणि वर लिहिलेला कँडी बार हाही बायकांचाच होता. बायकांच्या हातात पैसा कमी, त्यामुळे त्यांच्या जागा आधी जातात, हे तिथल्या मैत्रिणींकडून मी नेहमी ऐकतो.

---

माजघर

मी इथे नुसती वाचायला येते, लिहीत नाही. पण हातमोज्यांचं वाचलं आणि राहवेना.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होते. नाव सांगत नाही. एचआयव्हीचे पेशंट यायला लागले होते. वॉर्डच्या टोकाला खाट, खाटेला वेगळी खूण. ताट-वाटी वेगळी, आणि जेवण देणारा माणूस ती दारातच जमिनीवर ठेवून पायाने पुढे सरकवायचा. एक चोविशीचा मुलगा होता, कोकणातला. ताप उतरला की छान बोलायचा. त्याला भेटायला फक्त एक मित्र यायचा आणि तो स्वतःला 'भाऊ' म्हणवायचा. भाऊ नाही हे आम्हां सगळ्यांना कळत होतं. बाकी वॉर्डात हातमोज्यांचा तुटवडा असायचा, पण त्या मुलाचं नुसतं अंथरूण सरळ करायलाही काही जण दोन-दोन जोड्या चढवायचे. मी एकदा तसाच त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. त्याने डोळे मिटले आणि किती तरी वेळ उघडलेच नाहीत.

माझा धाकटा मुलगा समलिंगी आहे. त्याने सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा त्या खाटेचीच आठवण झाली आणि मी घाबरून रडले. त्याला वाटलं मला लाज वाटली म्हणून रडते. हे समजावून सांगायला पुढे बरेच दिवस लागले.

तो आता लीड्सला असतो. उन्हाळ्यात मी जाणार आहे. या पबात माझ्यासारखी साडीतली बाई चालेल का?

---

पिंपळपार

माजघर काकू, तुमच्या प्रतिसादावर काय लिहू.

मी मुंबईत नव्वदच्या दशकात तरुण होतो. आमच्याकडे स्वतःचा असा पब नव्हता. कुलाब्यातल्या एका बारमध्ये शनिवारी रात्री आमचे लोक जमायचे, ज्याच्या खिशात पैसे असतील तो जायचा. माझ्यासारखा डोंबिवलीचा कारकून शेवटच्या लोकलचा हिशोब करत बसायचा. १९९० मध्ये अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' काढलं, ते कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायचं. १९९४ साली हमसफर ट्रस्ट झाला. त्यांना वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. दारू नाही, नाच नाही, ट्यूबलाइट आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पण मी पहिल्यांदा खरं नाव सांगून लोकांशी बोललो ते तिथे. वाटसरू७७ विचारतात वेगळी जागा कशाला. अहो, तिथे जाईपर्यंत मला वाटायचं की अख्ख्या मध्य रेल्वेवर असा मी एकटाच.

---

वाटसरू७७

पिंपळपार, माजघर काकू, वाचलं. माझा प्रश्न पैशाच्या बाजूने होता आणि तो अजून आहे, पण 'वेगळं राहण्याने वेगळेपण टिकतं' यावर मला परत विचार करायला हवा. टेम्सकाठ, पोलिसांनी पुढे कधी माफी मागितली का?

---

टेम्सकाठ

वाटसरू, जून २०२३ मध्ये लंडनचे पोलीस आयुक्त मार्क रोली यांनी समलिंगी लोकांना पूर्वी दिलेल्या वागणुकीबद्दल माफी मागितली. समलिंगी हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते पीटर टॅचेल यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. ओग्रेडी त्याआधी तीन महिने गेला होता.

---

रंकाळा_इंद्रधनू

मी २३, कोल्हापूर. सगळा धागा एका बैठकीत वाचला. पिंपळपार काका, आमच्याकडे आता ॲप आहेत, पण खुर्च्या टाकलेली खोली अजून नाही. टेम्सकाठ दादा, तिकडे आपल्या लोकांसाठी काही आहे का? म्हणजे देशी गाणी वगैरे?

---

टेम्सकाठ

आहे ना! १९९५ साली डीजे रितू आणि रीटा यांनी उत्तर लंडनमध्ये टफनेल पार्कला 'क्लब काली' सुरू केला. दक्षिण आशियाई समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी. भांगडा, बॉलिवूड, अरबी गाणी. त्याच्या आधी १९८८ मध्ये 'शक्ती' हा गट निघाला होता, कलम अठ्ठावीस आलं त्याच वर्षी. या कलमाने कौन्सिलांना समलैंगिकतेचा 'प्रसार' करायला बंदी केली होती, शाळांमध्ये शिक्षक त्या विषयावर तोंड उघडायला घाबरत. इंग्लंडमध्ये ते २००३ पर्यंत टिकलं. त्या काळात गोऱ्यांच्या बारमध्ये दारावरच अडवलं जाण्याचे अनुभव आपल्या लोकांना आले, आणि घरच्या समारंभात जोडीदाराला नेता येत नसे. क्लब कालीत दोन्ही एकत्र मिळालं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माधुरीच्या गाण्यावर साडी नेसलेला एक दाढीवाला पंजाबी असा काही नाचला की मी कडेला उभं राहून नुसता बघत होतो.

माजघर काकू, साडी नेसूनच या. मुलाला बरोबर आणा, लीड्सहून किंग्ज क्रॉसला गाडीने सव्वादोन-अडीच तास, तिथून व्हिक्टोरिया लाइनने थेट व्हॉक्सहॉल. रात्रीची गर्दी, मोठा आवाज नको असेल तर दुपारचा कार्यक्रम बघून तिकीट काढा. आत खुर्च्या थोड्या असतात, लवकर पोचलात तर खांबाजवळची जागा मिळते. स्टेजवरची बाई तुमची फिरकी घेईल, साडीवरून तर नक्कीच. तुम्हीही मराठीत ठणकावून उत्तर द्या, कळलं नाही तरी टाळ्या पडतील. तारीख ठरली की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी स्टेशनवर येतो.

---

माजघर

मुलाला धागा पाठवला आहे. तो म्हणतो जुलैचा दुसरा आठवडा. व्यनि कसा करायचा ते कोणीतरी सांगा.